चौथी धून

४ फेब्रुवारी, सोमवार

नव्या नोकरीबरोबर नवी वही. ताई म्हणाली, वहीत कशाला लिहायचं, मला सांग की, मी काय बहिरी आहे? पण ताईला काही सांगायचं म्हणजे आधी तिचं ऐकावं लागतं, आणि मग आपलं सांगायचं राहूनच जातं. म्हणून ही वही.

शाळेनं संगीताचा तास बंद करून त्या खोलीत कॉम्प्युटर मांडले, त्याला सात महिने झाले. अकरा वर्षं शिकवलं मी तिथे. सात महिने घरी बसून ताईचे टोमणे खाल्ले आणि आज अखेर 'संगीत साहाय्यक, शस्त्रक्रिया विभाग' झाले. गळ्यात फोटोचं ओळखपत्र आहे. फोटोत मी पोलिसांना हवी असलेली बाई दिसते, पण असो.

काम असं: ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटना दुसऱ्या मजल्यावरच्या तयारीच्या खोलीत आणून ठेवतात. तिथे ते पाऊण-एक तास छताकडे बघत पडतात आणि नको नको ते विचार करतात. रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, कुणी रडतं, एखादा उठून सरळ घरी जायला निघतो. मी त्यांच्याशी दोन शब्द बोलायचं, आवडनिवड विचारायची, हेडफोन लावायचे आणि वीस मिनिटं शांत संगीत ऐकवायचं. माणूस सैल पडला की भूल कमी लागते, असं भूल देणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं. योजना त्यांचीच. ठेंगण्या, हसऱ्या बाई आहेत. अख्खं हॉस्पिटल त्यांना 'झोपमावशी' म्हणतं, तोंडावरसुद्धा.

खोली मला आवडली. सहा खाटा, फिकट हिरवे पडदे, पूर्वेला मोठी खिडकी. कोपऱ्यात माझं टेबल, टेबलावर प्लेअर आणि सहा हेडफोन. येताना ताईसाठी फुलं घेतली. ती म्हणाली, फुलं कशाला, ब्रेड संपलाय.

६ फेब्रुवारी, बुधवार

खोलीत विजेचा प्लग एकच, आणि त्यावर नर्सेसची चहाची किटली. किटली काढली की प्लेअर चालतो, प्लेअर काढला की किटली. मेट्रनबाईंनी मला समजावून सांगितलं की किटली इथे नऊ वर्षं आहे आणि मी तीन दिवस. स्टोअरमध्ये एक्स्टेंशन बोर्ड मागायला गेले तर स्टोअरकीपर म्हणाला, तुमच्या विभागाचा कोड सांगा. मला कोडच नाही म्हणजे कागदोपत्री मी नाहीच. मग काल दिवसभर त्या खोलीत कोण उभं होतं?

पण काम सुरू झालं. पहिला पेशंट बस ड्रायव्हर, हर्नियाचा. भला दांडगा माणूस, खाटेच्या कडेला बसून लहान मुलासारखा पाय हलवत होता. मला म्हणाला, बाई, बत्तीस वर्षं बस चालवली, एकदाही घाबरलो नाही, पण इथे दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग आहे. त्याला तीन धुना लावल्या: एक बासरीची, एक नुसत्या तारांची, एक पियानोची. तिन्ही संथ, तिन्ही बिनशब्दांच्या. वीस मिनिटांत वरचा रक्तदाब एकशे अडुसष्टवरून एकशे तीसवर. झोपमावशींनी मला टाळी दिली.

मेट्रनबाई म्हणाल्या, गाणंबाई, आता जरा किटली लावू का?

११ फेब्रुवारी, सोमवार

लोकांना तीनपर्यंत मोजता येत नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात जाऊन पेशंटकडून एक फॉर्म भरून घेते. त्यात साधा प्रश्न: कोणती धून सर्वांत जास्त आवडली? पहिली, दुसरी, तिसरी. खूण करायची, बस. चौदा फॉर्म आले, त्यातल्या सहांवर खूण नाहीच. बाजूला पेनानं लिहिलंय, 'चौथी'.

आधी वाटलं भुलेचा अंमल. मग वाटलं, एकानं गंमत केली आणि बाकीच्यांनी कॉपी मारली, शाळेत हे खूप पाहिलंय. पण सहा जण तीन वेगळ्या वॉर्डांत आहेत. त्यातल्या दोघांच्या पायाला प्लास्टर, ते कुठे कॉपी करायला जाणार?

मेट्रनबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, चौथी आवडली तर चौथीच लावत जा की, पहिल्या तीन कशाला? आणि स्वतःच्याच विनोदावर इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आणखी नऊ 'चौथी'.

प्लेअर तपासला. धुना तीनच. वायरमनला बोलावलं. तो तासानं आला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, इथे स्पीकरच नाही तर आवाज कुठून येणार? मी म्हटलं, तेच तर विचारतेय. तो म्हणाला, मग बरोबर आहे. आणि गेला. सहाही हेडफोन मी स्वतः वीस-वीस मिनिटं लावून बसले. तीन धुना आणि मग शांतता.

शेवटी बायकांच्या वॉर्डात गेले. तिथे एक शिंपीण आहे, गळ्यावरची गाठ काढलेली. बोलायला मनाई, पण गुणगुणायला कुणी मनाई केली नव्हती. तिला म्हटलं, चौथी कशी होती, जरा दाखवता? तिनं डोळे मिटून हळूच गुणगुणून दाखवली. मी स्वरलिपी लिहून घेतली. मग वरच्या मजल्यावर एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेले. गुडघ्याचं ऑपरेशन. शिंपिणीला त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. त्यांनी गुणगुणलं ते माझ्या कागदाशी ताडून पाहिलं.

तीच. सूर न् सूर तीच.

आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे धून चांगली आहे. लहानशी, उतरत जाणारी, जिना उतरावा तशी. मी निवडलेल्या तिन्हींपेक्षा चांगली. अकरा वर्षांच्या अनुभवाचं हे फळ.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे मुख्य सर्जननी, मला केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं. दोन आठवड्यांत शामक औषध निम्म्यावर आलंय, एकही पेशंट पळून गेलेला नाही. मी म्हटलं, डॉक्टर, एक अडचण आहे, पेशंट मी न लावलेली धून ऐकतायत. त्यांनी विचारलं, त्यांना त्रास होतो का? म्हटलं, नाही. आवडते का? म्हटलं, हो. मग अडचण कुणाला आहे? म्हटलं, मला. तेव्हा त्यांनी मला कामाचा ताण फार घेऊ नका असा सल्ला दिला.

पालथ्या घड्यावर पाणी.

घरी दुसरंच. ताईच्या पोटदुखीचं निदान झालं: पित्ताशयात खडे. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलमध्ये, अठ्ठावीस तारखेला. ताई सोनोग्राफी करणाऱ्यावर चिडली, खड्यांवर चिडली, मग माझ्यावर चिडली, कारण मी भाजीत तेल जास्त घालते. मला बरं वाटलं. ताई चिडलेली असली की घर जागेवर आहे असं वाटतं. आई गेल्यापासून तिनंच मला ओरडून ओरडून वाढवलंय.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज बस ड्रायव्हर टाके दाखवायला आला होता. बाहेरच्या बाकावर बसलेला. मी विचारलं, कसं आहे? म्हणाला, छान. भीती गेली? म्हणाला, छान. त्याची बायको मला बाजूला घेऊन गेली. मला वाटलं आभार मानणार.

ती म्हणाली, आमच्याकडे आता भांडण नाही, आवाज नाही, टीव्हीसुद्धा लावत नाहीत. सुरुवातीला मी म्हटलं, चला, देव पावला. पण परवा आमची नात खिडकीच्या कठड्यावर चढली. तीन वर्षांची पोर, चौथा मजला. हे समोर खुर्चीत. बघत होते. हसत होते. शेजारीण धावत आली म्हणून पोर वाचली. मी ह्यांना विचारलं, अहो, उठला का नाहीत? तर म्हणाले, छान दिसत होती.

सांगताना ती रडत होती. बाकावर तो गुणगुणत होता, तीच चौथी धून.

२० फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून फोन लावतेय. फॉर्मवर 'चौथी' लिहिलेले एकूण सव्वीस जण. बावीस जणांनी उचलला. सगळ्यांना विचारलं, कसं वाटतंय? बावीसही जण म्हणाले, छान. एकाच चालीत.

शिंपीण जवळच राहते म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या घरी गेले. दार उघडंच. ती मशीनवर बसली होती, पाय चालू होता. सासू शेजारी. दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी जवळ गेले तेव्हा दिसलं की तिचं डावं बोट कापडाबरोबर सुईखाली गेलंय. टाके बोटातून पुढे गेले होते. पांढऱ्या कापडावर लाल पसरत होतं आणि ती मशीन थांबवत नव्हती. मी चाक हातानं धरलं. तिला म्हटलं, अहो, बोट! ती बोटाकडे बघून म्हणाली, हो ना.

सासूनं मान डोलावली. सासूचं तर ऑपरेशनच झालेलं नाही. ती नुसतं सुनेचं गुणगुणणं ऐकत घरात बसलेली.

कात्रीनं दोरा कापला, रुमाल बांधला, रिक्षात घालून तिला आमच्या अपघात विभागात आणून सोडलं.

मला का काही होत नाही? मी तर ती धून लिहून काढली, दहादा वाचली. बहुतेक मी गाणं ऐकतच नाही, तपासते. बेसूर पोरांमध्ये आयुष्य गेलं, कान कायम चूक शोधत असतो. संगीतानं कधी माझं डोकं शांत झालं नाही. अशा बाईला हे काम दिलं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

झोपमावशींना सगळं सांगितलं. त्या एकट्याच नीट ऐकतात. हसल्या नाहीत. म्हणाल्या, आठवडाभर बंद ठेवू. हेडफोन पेटीत घालून मी पेटीला कुलूप लावलं. मेट्रनबाईंनी लगेच किटली लावली.

आज पाच पेशंट झाले. संगीत नाही, काही नाही. संध्याकाळी वॉर्डात चक्कर मारली तर पाचातले तीन गुणगुणत होते.

कारण पेशंटना आत-बाहेर ढकलतात ते स्ट्रेचरकाका गुणगुणतात. जाताना आणि येताना. मी त्यांच्यावर ओरडले. काका एकोणीस वर्षं इथे आहेत, त्यांनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. आज म्हणाले, बरं. आणि पुन्हा तेच.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला म्हटलं, ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये करू. का, म्हणाली. सांगितलं. खरं ते सगळं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं आणि मग अर्धा तास मला झापलं. सात महिन्यांनी नोकरी लागली तर तीही टिकवायची नाही, लहानपणापासून तुझं हेच, पाण्यात बघितलं की भूत दिसतं, दुसरीकडे दोन महिने तारीख मिळत नाही, माझं पोट काय तुझी वाट बघत बसणार? गाण्यानं माणूस बिघडतो म्हणे! मग तू शिकवलेली पोरं कशी धडधाकट राहिली?

रागानं उठून मी दार आपटलं. तिनं आतून ओरडून सांगितलं, दार आपटू नकोस, बिजागरी सैल झालीय.

२५ फेब्रुवारी, सोमवार

हे नीट लिहायला हवं. कुणीतरी वाचलं तर कळेल की मी मुद्दाम केलं नाही.

झोपमावशींनी मीटिंग बोलावली. मोठे डॉक्टर, मेट्रनबाई, आणखी चार विभागप्रमुख. मी सव्वीस नावांची यादी नेली, ड्रायव्हरच्या बायकोचं म्हणणं लिहून नेलं, शिंपिणीच्या बोटाचा केसपेपर नेला. एक तास बोलले. एक प्रमुख मोबाइल बघत होते. मोठे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर थोडी उदासीनता येतेच. मी म्हटलं, सासूचं ऑपरेशन झालं नव्हतं. ते म्हणाले, सासवांचं काही सांगता येत नाही. सगळे हसले. मेट्रनबाई म्हणाल्या, अहो, धून धून करताय, आहे तरी कशी ती? आम्हाला तरी ऐकवा. आम्ही काय लगेच वेडे होणार?

माझं डोकं फिरलं. दोन आठवडे हेच ऐकतेय. माझा छोटा कीबोर्ड सोबत होता. म्हटलं ऐका. ऐका एकदाची.

वाजवली. दोनदा. दुसऱ्यांदा जरा मनापासूनच.

हात दाखवून अवलक्षण.

वर बघितलं तर मोबाइल टेबलावर ठेवलेला. मोठ्या डॉक्टरांचे खांदे खाली आलेले. मेट्रनबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची ती नेहमीची चीड नव्हती. काहीच नव्हतं. मी म्हटलं, हे बंद करायला हवं. मेट्रनबाई म्हणाल्या, हो. मी म्हटलं, पेशंटना परत बोलावून तपासायला हवं. मोठे डॉक्टर म्हणाले, हो. कधी? छान, म्हणाले.

कुणी उठलं नाही. मी झोपमावशींचा हात धरून हलवला. त्या हसल्या. म्हणाल्या, किती दमतेस गं.

मेट्रनबाईंनी मला किटलीवरून बोलावं म्हणून मी त्यांच्यासमोर किटली उचलून खिडकीबाहेर फेकली. त्यांनी तिच्या पडण्याचा आवाज ऐकला आणि मान डोलावली.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा वाजता शेजाऱ्यांचा फोन. ताईला असह्य कळ आली, त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, आमच्याच हॉस्पिटलमध्ये. मी धावत खाली. ताई स्ट्रेचरवर, घामानं चिंब, आणि तरी ॲम्ब्युलन्सवाल्याला खड्ड्यांतून गाडी कशी काढतात ते सांगत होती. पित्ताशय फुटायच्या बेतात, लगेच करावं लागेल. दुसरीकडे न्यायला वेळ नाही.

ताईच्या कानांत कापूस कोंबला. तिनं काढून टाकला, वेड लागलंय का म्हणाली. स्ट्रेचरकाका आले. गुणगुणत. मी दोन्ही तळव्यांनी ताईचे कान दाबून स्ट्रेचरबरोबर वाकून चालत राहिले. अख्खा कॉरिडॉर. लिफ्ट. दुसरा मजला. ताई ओरडत होती, हात काढ, केस ओढतायत. मी मोठमोठ्यानं पाढे म्हणत होते, काकांचा आवाज बुडावा म्हणून. सत्तावीसचा पाढा. चुकत होते. ताईनं त्या कळेतही दुरुस्त केला.

थिएटरच्या दारात मला थांबवलं. आत झोपमावशी उभ्या होत्या. मी ओरडले, मावशी, गाऊ नका, फक्त गाऊ नका.

दार बंद झालं. काच जाड आहे. मला फक्त त्यांचा मास्क हलताना दिसला.

२७ फेब्रुवारी, बुधवार

ताई शुद्धीवर आली. ऑपरेशन व्यवस्थित.

तिला म्हटलं, ताई, तुझी काचेची बरणी माझ्या हातून फुटली. आईची होती ती.

असू दे, म्हणाली.

फुटलेली नाही. मी खोटं बोलले. मला वाटलं, निदान —

२ मार्च, शनिवार

ताई घरी. स्वयंपाक करपला, काही बोलली नाही. दार मुद्दाम आपटलं. तीनदा. ती खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, ताई, झाप ना मला. पाया पडले. ती म्हणाली, छान आहेस तू.

दुसरं हॉस्पिटल, पोलीस, वर्तमानपत्र, सगळीकडे फोन केले. पहिले दोघे म्हणाले अर्ज लिहून द्या. वर्तमानपत्रवाला म्हणाला, पुरावा म्हणून धून पाठवा.

पाठवली नाही. एवढं तरी शिकले.

४ मार्च, सोमवार

बाजारात गेले होते. कुणी घासाघीस करत नव्हतं. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, एकही गाडी हलली नाही. एकानंही हॉर्न — नाही.

भाजीवालीला म्हटलं, कमी करा. म्हणाली, तसंच न्या.

कानात मेण घालून हिंडतेय. मेण काढलं की —

५ मार्च, मंगळवार, सकाळी

ताईची पट्टी ओली. मला वाटलं पाणी सांडलं. रक्त आहे. टाके उसवलेत, कधीपासून कुणास ठाऊक, खुर्चीखाली थारोळं. ताई, दुखलं नाही? ती हसली. बोलली कशी नाहीस? — हसली.

हॉस्पिटलला फोन. उचलला. पलीकडून गुणगुण. ठेवला.

ॲम्ब्युलन्स. तेच.

टॅक्सीवाल्या कंपनीच्या बाईनं मात्र नीट पत्ता विचारला! वैतागून विचारला, दोनदा, खेकसून. मला रडू आलं. दहा मिनिटांत गाडी पाठवते म्हणाली. पलीकडच्या गावातल्या हॉस्पिटलला. चाळीस मिनिटं. पुरतील. पट्टीवर टॉवेल दाबून बांधलाय. मेण काढलंय, हॉर्न ऐकू यायला हवा. तीन मजले उतरवायचं ताईला, एकटीनं. जमेल. लिहीत बसलेय कारण नुसतं बसवत नाही.

गाडी आली. खिडकीतून दिसतेय.

हॉर्न वाजवत नाहीये. ड्रायव्हर काच खाली करून शीळ —

तीच. पण चुकतोय. पाचवा सूर किंचित चढा. कान झाकू की ताईला उचलू? दोन्ही हात ताईला लागतील —

ताई उठून उभी राहिली. टॉवेल गळला. खिडकीशी जाऊन तिनं तो सूर लावून दाखवला. त्यानं लगेच उचलला. आता दोघं मिळून —

ओरडायला हवं. मला ओरडायला —

कुठे चुकतंय ते शोधतेय. चूक सापडत नाहीये. एकही. आयुष्यात पहिल्यांदा सगळं सुरात — जरा —